कोपऱ्यातली कुंडी

आमच्या स्टुडिओत मला सगळे फिनाईल म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि मला राग येत नाही, कारण पानावरची घाण काढणं हेच माझं काम आहे. मास्तर पेन्सिलीने चित्रं काढतात, मग त्यांवर शाई फिरवतात. शाई वाळली की खोडताई खालची पेन्सिल खोडून काढतात, आणि मग ते पान माझ्याकडे स्कॅनरवर येतं. स्क्रीनवर मी ते चौपट मोठं करतो आणि शाई सोडून जे काही दिसेल ते पुसतो. बोटाचे ठसे, चहाचे शिंतोडे, एकदा तर चिरडलेला डास. तो डास मास्तरांना चित्रात आवडला होता. मी ठेवला नाही.

ही सगळी पानं एका मांगाची, म्हणजे जपानी पद्धतीच्या चित्रकथेची. दर महिन्याला मासिकात वीस पानं यायची, उजवीकडून डावीकडे वाचायची. नाव 'बंद थिएटर'. बंद पडलेल्या एका थिएटरात सहा माणसं राहतात. तुरुंगातून सुटलेला सुतार, तोतरी शिक्षिका, अशी सगळी घराला नकोशी झालेली माणसं. त्यांतली मुख्य म्हणजे पाहुणी. तिला घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं, आणि ती 'मी मुलगी आहे' म्हणाली त्या दिवसापासून तिचं ताट वाढणं बंद केलं. हे मला फार उशिरा कळलं. तीन वर्षं मी ती गोष्ट डोळ्यांत तेल घालून साफ केली, पण वाचली नाही. चौपट मोठं केलं की माणूस दिसत नाही, नुसती कड दिसते, आणि कड स्वच्छ आली की माझं पोट भरतं.

खोडताई या मांगाबरोबरच कामाला लागल्या. वय साठीला टेकलेलं. या वयात पेन्सिल खोडायला कोण येतं, असं इमारतवाला म्हणाला होता. इमारतवाला म्हणजे आमच्याकडे फक्त इमारती आणि खिडक्या काढणारा माणूस. त्याला माणसं काढता येत नाहीत, आणि माणसांशी बोलताही येत नाही. ताईंनी त्याच्याकडे बघून फक्त खुर्ची पुढे ओढली. खोडरबर त्या एका जुन्या सुती कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायच्या. खोडून झालं की चुरा फुंकून जमिनीवर उडवायचा नाही, ब्रशने तळहातावर गोळा करायचा, मूठ मिटायची आणि उठून टोपलीत टाकायचा. या एका सवयीसाठी मी त्यांना मनातल्या मनात सलाम ठोकला होता. आमच्या स्टुडिओत स्वच्छतेची चाड असलेली दोनच माणसं, एक त्या आणि एक मी.

म्हणून तर मला जास्त खटकायचं. वीस पानांतली एकोणीस पानं लख्ख, आणि शेवटच्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे वाचणाऱ्याची नजर शेवटी थांबते, तिथे पेन्सिलीची घाण. वाटाण्याएवढी. दर महिन्याला. पेन्सिल फिकी असली की स्कॅनरच ती खातो, पण ही इतकी दाबून काढलेली असायची की अर्धीमुर्धी उरायचीच, आणि मला बसून हाताने काढावी लागायची. तिसऱ्या महिन्यात मी मास्तरांच्या कानावर घातलं. मास्तर खोडताईंना सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या बरं एकदा."

"घेते," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात ती घाण आणखी गडद. मला वाटलं, बाईंनी माझ्यावर डूख धरलाय. मी पण हट्टाला पेटलो. त्या ठेवायच्या, मी काढायचो. अडतीस महिने आमचं असं चाललं होतं, आणि आम्ही दोन हातांच्या अंतरावर बसायचो.

अडतिसाव्या भागाला मांगा संपली. मासिकाचा खप उतरला होता. पुस्तक काढायला प्रकाशक तयार होईना, असली रडकी माणसं कोण विकत घेणार, असं म्हणाला. शेवटच्या भागाची फाईल मी छापखान्यात पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी मूळ पानं कपाटात लावताना तो कोपरा पुन्हा दिसला. माझं डोकं सटकलं. ते पान घेऊन मी ताईंच्या टेबलाशी गेलो.

"ताई, निदान शेवटच्या पानावर तरी खोडायचं होतंत. तीन वर्षं झाली, दर महिन्याला मी हे काढतोय."

त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही काढता?"

"मग कोण काढणार? माझं कामच आहे ते."

"म्हणजे छापून येत नाही?"

"घाण कशी छापून येईल?"

"एकदाही नाही?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात टेबलाची कड धरून आहे. मी पान जवळ घेऊन पाहिलं. चौपट मोठं न करता, साध्या डोळ्यांनी, पहिल्यांदाच. ती घाण नव्हती. ती एक कुंडी होती. एवढीशी, खाली निमुळती, वर दोन पानं.

"अहो, अंक तर येतो ना आपल्याकडे दर महिन्याला," मी म्हणालो. "बघितलं नाहीत?"

"बघायचे की. छापताना पान लहान होतं, कागद तो असला. मला दिसायचं नाही. मला वाटायचं, माझे डोळे म्हातारे, तरुण डोळ्यांना दिसत असेल. दिसत नाही म्हणून तर आणखी दाबून काढायचे."

इमारतवाला कान टवकारून बसला होता. त्याला मी चहा आणायला पिटाळलं आणि स्टूल ओढून बसलो. ताई सांगायला लागल्या. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"आमच्या दाराबाहेर कुंडी आहे. मी कामाला जायचे, पोर शाळेतून माझ्या आधी घरी यायचं. किल्ली कधी कुंडीखाली, कधी शेजारणीकडे. कुंडीखाली असली की मी दाराच्या चौकटीवर, खाली कोपऱ्यात, पेन्सिलीने एवढीशी कुंडी काढून जायचे. आलं की पोर आधी ती खोडायचं, मग किल्ली घ्यायचं, झाडाला पाणी घालायचं आणि मग जेवायला बसायचं. झाडाचं पाणी हे त्याचंच काम. मी दुसऱ्या कुणाला घालू द्यायचे नाही. संध्याकाळी आले की मी दार वाजवायच्या आधी चौकट बघायचे. कुंडी खोडलेली असली की जिवात जीव यायचा. म्हणजे आलंय घरी."

"मुलगा?"

"आम्ही मुलगा म्हणून वाढवलं. सतराव्या वर्षी म्हणाली, आई, मी मुलगी आहे, मला मुलगी म्हणून राहू दे. तिच्या वडिलांनी त्याच दिवशी घराबाहेर काढलं. मी मध्ये पडले नाही. आठवड्याने ते म्हणाले, कुंडीखालची किल्ली काढून घे. मी काढली. याच हाताने." त्यांनी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. "तिसऱ्या दिवशी दुपारी कुंडी सरकल्याचा आवाज आला. मी दाराच्या आत उभी होते. कुंडी सरकली, मग थोडा वेळ काहीच नाही. मग तिने ती परत जागेवर ठेवली. आदळली नाही, नीट ठेवली. आणि पायांचा आवाज लांब गेला."

"तुम्ही दार उघडलं नाहीत?"

"नाही उघडलं."

या 'नाही'ला त्यांनी कसलंही कारण जोडलं नाही. मी मात्र मनात त्यांच्यासाठी कारणं शोधत बसलो. एकही पुरं पडलं नाही.

त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, आणि ताईंनी पहिलं काम काय केलं, तर किल्ली परत कुंडीखाली ठेवली. पण हे सांगायचं कुणाला आणि कुठे? लेकीच्या पलंगाखाली या मासिकाचे जुने अंक रचलेले होते. घरातून जाताना तिने कपडे नेले नाहीत, पण त्या महिन्याचा अंक नेला होता. "तेवढा एकच पत्ता होता माझ्याकडे," ताई म्हणाल्या. मग मासिकात जाहिरात आली की 'बंद थिएटर' सुरू होणार. तीत पाहुणीची गोष्ट वाचून ताईंना वाटलं, माझी लेक काही सोडेल पण हे वाचायचं सोडणार नाही. त्या मास्तरांचा पत्ता काढून आल्या आणि म्हणाल्या, मला काहीही काम द्या.

अडतीस निरोप. एकेक करून मी पुसले होते, तेही जीव तोडून. मी छापखान्यात फोन केला, पण प्लेटा होऊन छपाई सुरू झाली होती. मग मी घरी जाऊन सगळे अंक काढले आणि पहिल्यापासून वाचले. पाहुणी एका भागात म्हणते की मला घर आठवत नाही, घराचं कुलूप आठवतं. ते अक्षर न् अक्षर मी स्वच्छ केलं होतं. सेहेचाळीस वर्षांचा घोडा, त्या वाक्याला स्वयंपाकघरात बसून रडलो. मी भावाकडे राहतो, वहिनी विचारायला लागली की काय झालं, तर म्हटलं कांदा.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना म्हटलं, मूळ पानांचं प्रदर्शन भरवू या. प्रत्येक भागाचं शेवटचं पान, अडतीस पानं.

"शेवटचीच का?"

"ती सगळ्यांत स्वच्छ आहेत," मी म्हणालो. आयुष्यात इतकं उघड खोटं मी कधी बोललो नव्हतो.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय कळलं, काय नाही, देव जाणे. "फिनाईल, तुला गोष्टीत रस कधीपासून?" एवढंच म्हणाले, आणि वाचनालयाच्या तळमजल्यावरची खोली त्यांनी ओळखीने सहा दिवसांसाठी मिळवली.

मासिकाच्या पुढच्या अंकात प्रदर्शनाची पाव पानाची जाहिरात द्यायची होती. ती मी केली. जागा, तारखा, वेळ, आणि खाली डाव्या कोपऱ्यात ताईंची कुंडी. या वेळी मी ती पुसली नाही, काळी केली. संध्याकाळी मासिकाच्या कचेरीतून फोन आला. तिकडेही माझ्यासारखाच कुणीतरी बसलेला असणार.

"जाहिरातीत कोपऱ्यात डाग आलाय. काढून टाकतो."

"हात लावू नका त्याला," मी म्हणालो. "तो डाग नाही. तो तसाच छापायचाय. मी उद्या येऊन बघणार आहे." आणि खरंच गेलो, बघून आलो.

प्रदर्शनात काचा लावायला पैसे नव्हते. आम्ही दोऱ्या ताणल्या आणि पानं चिमट्यांनी लावली. ताईंनी दारासमोर खुर्ची टाकली आणि सहा दिवसांची रजा घेतली. सकाळी खोली उघडायच्या आधी त्या हजर, बंद झाल्यावर शेवटी निघणार. हातात सवयीने कापडात गुंडाळलेला खोडरबर. लोक थोडे यायचे. शाळेतली मुलं, दोन चित्रकार, पावसातून आडोशाला शिरलेला एक पोस्टमन. दारात कुणी उंच दिसलं की ताई अर्ध्या उठायच्या आणि मग बसायच्या. त्यांचा जीव टांगणीला लागलेला मला बघवेना, म्हणून मी उगाच पानांवरची धूळ झटकत फिरायचो.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी दुपारी मी म्हटलं, "ताई, सकाळपासून पोटात काही नाही. समोर जाऊन दोन घास खाऊन या. मी आहे ना इथे."

"नको."

"वीस मिनिटं. तुम्हाला चक्कर आली तर मी काय करू?"

त्या गेल्या. खोडरबर खुर्चीवर ठेवून गेल्या, बसमधली जागा धरतात तसा.

पाच मिनिटंही झाली नसतील, एक बाई आत आली. पंचविशीची, उंच, निळा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि प्रत्येक पानाचा फक्त डावा खालचा कोपरा बघत पुढे सरकत गेली. चित्रांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सदतीस पानं अशी झाली. अडतिसाव्यापाशी तिने बोट पुढे केलं.

"हात लावू नका," माझ्या तोंडून निघून गेलं. मेल्या जिभेला हाड नाही. वीस वर्षांची सवय.

तिने हात मागे घेतला आणि माझ्याकडे वळली. डोळे ताईंचे होते.

"लावा," मी कसंबसं म्हणालो. "तुमचंच आहे ते."

"खोडरबर आहे?"

मी खुर्चीवरचा खोडरबर उचलून दिला. तिने कापड सोडलं, ते दोन बोटांत चोळून पाहिलं आणि घरचंच म्हणून ओळखलं असावं. मी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे खोडण्याचा आवाज आला, सावकाश, एका दिशेने. मी वळून पाहिलं तेव्हा ती चुरा तळहातावर गोळा करत होती. मूठ मिटून तिने टोपली शोधली आणि त्यात टाकला. जमिनीवर कण पडू दिला नाही.

"त्या पंधरा मिनिटांत येतील," मी म्हणालो. "समोरच गेल्यात. थांबा ना."

"मी रोज आले होते," ती म्हणाली. "रस्त्यापलीकडून बघून जायचे. ती बसलेली असायची. आज खुर्ची रिकामी दिसली म्हणून आत आले."

"त्यांना हाक मारतो मी."

"नको, काका." आवाज मऊ होता, पण पाय आधीच दाराकडे वळले होते. "ती दाराच्या आत होती तेव्हा. मला तिच्या बांगड्या ऐकू आल्या होत्या."

तिने खोडरबर परत नीट गुंडाळला, खुर्चीवर होता तसा ठेवला आणि गेली. मी दारापर्यंत धावलो. बस सुटलेली दिसली.

ताई आल्या त्या माझं तोंड बघूनच थबकल्या. मी त्यांना अडतिसाव्या पानापाशी नेलं. त्यांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं, हलकेच, मग पुन्हा एकदा.

"सगळं निघालंय," त्या म्हणाल्या. "दाबून काढलेलं, तरी कागद फाटू दिला नाही."

"उंच आहे," मी म्हणालो. "निळा सदरा होता. चांगली दिसते."

बांगड्यांचं मी सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही. ताईंनी पदर खोचला आणि निघाल्या. त्यांचं घर तिथून दोन बस बदलून तासाभरावर. मी सोडायला येतो म्हटलं तर हातानेच नको म्हणाल्या. मी एकट्याने दोऱ्या सोडवल्या, चिमटे मोजले, पानं कपाटात लावली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी मी स्टुडिओत आलो तर ताई टेबलाशी बसलेल्या. मास्तरांनी नवीन मांगाची पहिली पानं दिली होती आणि त्या खोडत होत्या. इमारतवाल्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, म्हणजे त्यालाही विचारायचं धाडस झालेलं नव्हतं. मी स्टूल ओढलं.

"किल्ली?"

"होती जागेवर. तशीच."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी खोडायचं थांबवलं नव्हतं, म्हणून मिटलं.

"काल प्रदर्शनाला यायच्या घाईत झाडाला पाणी घालायचं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी पोचले तर माती ओली. खालच्या ताटलीत पाणी साचलेलं, पायरीवर ओघळ, तो अजून वाळला नव्हता. शेजारणीकडून तांब्या मागून घेतला म्हणे. पाणी घातलं, तांब्या परत दिला आणि गेली."

"आणि किल्ली बघितलीच नाही?"

"बघितली. कुंडी सरकवलेली होती, पायरीवरच्या मातीत तिचा गोल उमटलाय. बघितली आणि परत झाकून ठेवली."

त्यांनी चुरा तळहातावर गोळा केला, मूठ मिटली, पण उठल्या नाहीत. बंद मूठ तशीच मांडीवर ठेवून बसल्या.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय," त्या म्हणाल्या. "आज सकाळी मी पाणी घातलं नाही. ते तिचं काम आहे."